बोका दे मिएलेसचं अकरावं पान

बोका दे मिएलेस, ११ सप्टेंबर १९४९

निकासिओ,

अक्षर ओळखलंस का? पूर्वी फळ्यावर टपोरं यायचं, आता मुंगळ्यांची रांग झालीय. मी एवेलिओ. शाळेतला. तुझा पत्ता स्टेशनातल्या तारबाबूकडून काढला. काढून आठ महिने झाले. तेवढा वेळ तो खिशातच होता, धुवायला टाकलेल्या सदऱ्यातून दोनदा वाचला.

निमित्त असं, की आपल्या गावाला यंदा शंभर वर्षं झाली. नगरपालिकेने एक पुस्तिका काढली आहे, ‘बोका दे मिएलेस : इतिहास आणि प्रेक्षणीय स्थळे’. लिहिणार कोण, तर मास्तर. एक प्रत सोबत आहे. चोवीस पानं आहेत. बाहेरगावचे लोक समुद्रात डुंबायला येतील, खानावळी चालतील, अशी नगराध्यक्षांची आशा. मला मात्र लिहिताना फार सुख झालं रे. जुन्या कारखान्याचं धुराडं, त्यावर उगवलेलं उंबराचं झाड. वसंतात खेकड्यांची फौज रस्ता ओलांडते आणि मेलितोनला इंजिन थांबवावं लागतं, ते. हंगामाची शेवटची उसाची गाडी फुलं लावून मिरवत आणतात, ते. मळीच्या टाकीजवळच्या चिखलाला उन्हात जो वास सुटतो त्यावर मी अख्खं पान खर्चलं. नगराध्यक्ष म्हणाले, “मास्तर, वास बघायला कोण येतो?” मी म्हटलं, वासासाठीच माणूस गावी परत येतो.

चौकातल्या बँडस्टँडवर आपण दोघं कविता म्हणायचो ते मात्र घातलं नाही. तू तिसऱ्या कडव्याला हमखास अडायचास आणि मी मागून पुटपुटायचो. अजूनही कधी संध्याकाळी तिथून जाताना मी थांबतो, तू अडलास की काय म्हणून.

तर वाच सावकाश. अकरावं पान नाही वाचलंस तरी चालेल. त्यात विशेष काही नाही.

तुझा,
एवेलिओ


२ ऑक्टोबर

निकासिओ,

उत्तर आलं नाही. येईल असं मलाही वाटलं नव्हतं. पण पुस्तिका परतही आली नाही, म्हणजे तुझ्या घरात ती कुठेतरी आहे. आणि तू अकरावं पान वाचलंस. नको म्हटलेलं पान माणूस आधी उघडतो, हे चाळीस वर्षं मुलं सांभाळलेल्या माणसाला कळू नये का?

त्या पानावर लिहिलंय : ‘१९१७च्या ऑक्टोबरातल्या वादळात गावातील एक्केचाळीस माणसे साखरेच्या गोदामात आश्रयाला असताना दगावली. गोदामपालाने समुद्राकडील दार उघडे ठेवल्याने लाटा आत शिरल्या. त्यानंतर कंपनीने हल्लीचे भक्कम गोदाम बांधले असून ते अवश्य पाहण्याजोगे आहे.’

तुझं नाव घातलेलं नाही. तेवढं केलं मी.

हे आज लिहायचं कारण वेगळं आहे. काल नगरपालिकेत सभा झाली. वादळांचे दिवस आहेत. गावाने कुठे जायचं, हा विषय. गोदामावर आता गुमेर्सिंदो आहे. एलिसेओ हमालाचा मुलगा, बाप गेला तेव्हा आठ महिन्यांचा होता. उंच झालाय, बापासारखाच मान वाकवून चालतो. तो उठला आणि पुस्तिका हातात धरून सगळ्यांसमोर अकरावं पान वाचलं. मग म्हणाला, “मास्तरांनी लिहूनच ठेवलंय, चूक दाराची होती. मी समुद्राकडचं दार लोखंडी करून घेतलंय. आतून तीन अडसर. माझ्या गोदामात समुद्राचा बापसुद्धा शिरणार नाही.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठरलं. पुढचं वादळ आलं की सगळं गाव गोदामात, साखरेच्या थप्प्यांवर. भाव पडलाय म्हणून कंपनीने यंदाची साखर विकलीच नाही. गोदाम आढ्यापर्यंत भरलंय. म्हातारी एदुविहिस शेजारी बसली होती. १७ साली तिचा नवरा गेला, मुलगी गेली. तिने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “एवेलिओ, तू लिहून ठेवलंस ते बरं झालं हो. नाहीतर पुन्हा कुणी दार उघडं टाकलं असतं.”

घरी येऊन जेवलो नाही. साधा वारा सुटला तरी मी दचकतो आहे.

ए.


१४ ऑक्टोबर, सकाळ

निकासिओ,

हवानाच्या वेधशाळेची तार आली. वादळ दक्षिणेला आहे, दोन दिवसांत आपल्या किनाऱ्यावर. समुद्रावरचे फ्रिगेट पक्षी पहाटेपासून जमिनीकडे येताहेत, लांब काळ्या रांगा करून. समुद्र तेलासारखा गुळगुळीत आहे. १७ साली असाच होता. आपण धक्क्यावर उभे होतो आणि मी तुला म्हटलं होतं, बघ, कसा कवितेतल्यासारखा दिसतो. आठवतं? मला त्या वाक्याचीही लाज वाटते.

लोक गाद्या बांधताहेत. गोदामात न्यायला.

आता लिहितो. घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर माफ कर. नाही, तू माफ करू नकोस, नुसतं वाच.

तू लोकांना गोदामात घ्यायला तयार नव्हतास. किल्ली कमरेला, दारात उभा. म्हणालास, “वारा असेल तर गोष्ट वेगळी, पण समुद्र आला तर?” आणि मी, शहाणा मास्तर, लोकांच्या देखत खडूने तुझ्याच दारावर हिशेब मांडला. एक पोतं दीडशे किलो. सोळा थर. एका थप्पीत इतकी पोती. खाली रेघ ओढून आकडा लिहिला आणि म्हणालो, “हे वजन हलवायला समुद्राला दुसरा समुद्र लागेल.” लोक हसले. या गावात सगळ्यांचं तेच मत होतं ना : घर उडेल, पोतं उडणार नाही. वादळात आपण छपराला साखरेची पोती बांधतो, दाराला पोती लावतो. साखर म्हणजे आपल्याकडचा दगड. तू माझ्याकडे पाहिलंस आणि बाजूला झालास.

रोज सकाळी कॉफीत चमचा फिरवणारं गाव. एकालाही सुचलं नाही. मला सुचलं नाही.

पाणी फळ्यांच्या फटींतून वर आलं. दार तेव्हा बंद होतं, निकासिओ. बंद होतं! मी वरच्या थरावर होतो, मला दिसत होतं. पाणी गुडघ्याएवढं, मग कमरेएवढं, आणि आम्ही वर आढ्याशी बसून गाणी म्हणत होतो. मग थप्पी जराशी बसली. झोपेत कुणी कूस बदलावी तशी. एलिसेओ म्हणाला, “कोण हललं रे?” खालचा थर तेव्हा पाक झालेला होता. पुढचं तुला ठाऊक आहे. माझ्या तोंडात जे पाणी गेलं ते गोड होतं. खारट नव्हतं, गोड. तेव्हापासून मी कशातच साखर घालत नाही. लोकांना वाटतं मास्तरांना मधुमेह आहे.

दार तू उघडलंस ते शेवटी, लोकांना बाहेर काढायला. अकराजण त्या दाराने वाचले, त्यातला एक मी.

आणि चौकशीत कंपनीच्या माणसाने मला शिकलेला म्हणून बोलावलं, लिहून द्या म्हणाला. मी एकच वाक्य लिहिलं. ‘समुद्राकडील दार उघडे होते.’ खोटं नव्हतं, बघ. तोवर लाटांनी खडू धुऊन नेला होता, आणि तूही खडूबद्दल बोलला नाहीस. तू गाव सोडलंस त्या दिवशी, का नाही बोललास, हे विचारायला मी स्टेशनावर आलो नाही. तुझी गाडी सुटेपर्यंत वर्गात बसून राहिलो. मुलांना कविता पाठ करायला दिली होती.

हे पत्र आठच्या गाडीच्या गार्डकडे देतो. मग गुमेर्सिंदोकडे जातो. एवढंच सांगेन की साखर विरघळते. बाकीचं सांगायची गरज पडू नये, अशी प्रार्थना करतो. बघ, अजूनही मी लपतोच आहे.

ए.


१५ ऑक्टोबर, दुपार, स्टेशन

निकासिओ,

वारा वाढलाय. कागदावर दगड ठेवून लिहितो आहे.

काल गोदामात गेलो. गुमेर्सिंदो लोकांसाठी शिड्या लावत होता. मी म्हटलं, “बाळा, साखर पाण्यात विरघळते.” हमाल फिस्सकन हसले. एकजण म्हणाला, “मास्तर, हा धडा पहिलीचा की दुसरीचा?”

“एक पोतं द्या,” मी म्हटलं. “दोरी बांधून धक्क्याखाली सोडा. चार तास.”

“कंपनीचं पोतं समुद्राला पाजू?” गुमेर्सिंदो म्हणाला.

“पाजा की,” मागून कुणीतरी ओरडलं, “मास्तरांना मासे गोड करून खायचेत!”

पण तो चांगला मुलगा आहे. म्हणाला, माझ्या पगारातून कापू दे. चौघांनी पोतं नेलं, जाड दोर बांधला, दहा वाजता सोडलं. मी धक्क्यावर बसून राहिलो. एदुविहिस टोपली घेऊन आली आणि शेजारी बसली, काय चाललंय म्हणून. मी नुसतं पोत्याकडे बोट दाखवलं. लाटा काही मोठ्या नव्हत्या, नुसत्या येऊन पोत्याला चाटून जात होत्या. पाण्यात तपकिरी धार दिसत होती.

दोन वाजता दोर ओढायला चौघं आले. एकट्या गुमेर्सिंदोने ओढला. तागाचं पोतं वर आलं ते ओल्या विजारीसारखं लोंबत, तळाशी मूठ-दोन मुठी चिखल. कुणी हसलं नाही. दोराचं टोक हातात धरून तो कितीतरी वेळ ठिबकणाऱ्या पाण्याकडे पाहत होता.

मग त्याने तो प्रश्न विचारला, ज्याला मी बत्तीस वर्षं भीत होतो.

“मग दाराचा काय संबंध, मास्तर?”

मी त्याला बाजूला घेतलं, मळीच्या टाकीमागे. आणि सगळं सांगितलं. खडू, हिशेब, त्याचा बाप हसला होता ते, चौकशीतलं वाक्य. मला वाटलं तो मारेल. निकासिओ, मारलं असतं तर बरं झालं असतं. तो म्हणाला, “माझी आई मरेपर्यंत त्या माणसाला शिव्या घालायची. झोपताना. देवाचं नाव घेतल्यावर.” मग म्हणाला, “आता वेळ नाही,” आणि गेला.

हल्लीचा साखर कारखाना आत चार कोसांवर, उंचावर आहे. गुमेर्सिंदो मेलितोनकडे गेला. इंजिन हलवायला कंपनीच्या साहेबाची परवानगी लागते. मेलितोन सत्तरीचा झालाय, तोंड तसंच आहे. म्हणाला, “साहेब हवानात, इंजिन माझ्याकडे. आधी कुणाला विचारू?” आज पहाटेपासून उसाच्या वाघिणींतून माणसं नेतोय. गजांच्या त्या उघड्या पिंजऱ्यांत बायका, कोंबड्या, शिवणयंत्रं. काहींना अजूनही गोदामच बरं वाटत होतं, पण गुमेर्सिंदोने ते ओलं रिकामं पोतं स्टेशनाच्या दारावर खिळ्याने ठोकलंय. जो कां-कूं करतो त्याला तो तिथे उभं करतो.

एदुविहिस चढायला तयार होईना. “उसाच्या डब्यात? मी काय ऊस आहे?”

“तसंच समजा, आजी,” मेलितोन म्हणाला.

“मग मला नेऊन काय करणार? माझा रस कधीच निघालाय. चिपाड आहे नुसतं.”

“चिपाडावरच आमचं इंजिन चालतं. चढा.”

हसत हसत चढली. मला मात्र हसू येत नाहीये. ही तिसरी आणि शेवटची फेरी. समुद्र धक्क्याच्या वर आलाय. तो आवाज पुन्हा सुरू झालाय, खालून येणारा, तुला ठाऊक असलेला. मी लहान मुलासारखा घाबरलोय. गुमेर्सिंदो मला चढवताना दंड धरून एवढंच म्हणाला, “यांना तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार.”

शिट्टी झाली.

ए.


२३ ऑक्टोबर, कारखान्याच्या आवारातून

निकासिओ,

गाव राहिलं नाही. चौक आहे, घरं नाहीत. बँडस्टँडचे खांब आहेत. काल मेलितोन इंजिन घेऊन रूळ होते तिथपर्यंत जाऊन आला. म्हणाला, गोदामाच्या भिंती शाबूत आहेत, लोखंडी दारही, तिन्ही अडसर लावलेले. आत काही नाही. ओलं ताग पसरलंय आणि माशा इतक्या की जमीन दिसत नाही.

दोघं गेले, बोटींसाठी मागे राहिलेले कोळी. बाकी सगळं गाव इथे, चिपाडाच्या शेडमध्ये.

आणि इथे मी देव झालो आहे. हे तुला सांगताना वादळापेक्षा जास्त भीती वाटते. सकाळी उठलो की उशाशी कुणीतरी केळी ठेवलेली असतात. बायका मुलांना म्हणतात, मास्तरांच्या पाया पड. नगराध्यक्ष म्हणाले, नव्या चौकाला तुमचंच नाव देऊ, आणि पुस्तिकेची दुसरी आवृत्ती काढू, त्यात हे पोत्याचं प्रकरण घाला. मी मान हलवली. हो, हलवली. पाच दिवस हलवत राहिलो. काय हरकत आहे, असंही मनात आलं. माणसं वाचली, मेलेले मेले, निकासिओ लांब आहे, त्याला सवय झाली असेल. बघ मी कसा आहे ते.

गुमेर्सिंदो शेडच्या पलीकडच्या टोकाला पत्रे ठोकत असतो. बोलत नाही. पण मी केळं सोलायला घेतलं की त्याची हातोडी थांबते.

आज रविवार. पाद्री आले, प्रार्थना झाली. मग लोक म्हणाले, मास्तर, एक कविता म्हणा. एदुविहिसने एवढ्या लोकांत कुठून तरी कॉफी मिळवली होती, खरी, चण्याची भेसळ नसलेली. पेला माझ्या हातात दिला. “घसा ओला कर आधी, बाबा. तू आम्हाला बाहेर काढलंस.” मी घोट घेतला आणि पेटीवर उभा राहिलो. समोर सगळे. मी ज्यांना अक्षरं शिकवली ते, त्यांची मुलं, त्यांची नातवंडं. आयुष्यभर कधी ओळ विसरलो नव्हतो. आज एकही आठवली नाही.

मी म्हणालो, १७ साली दाराची चूक नव्हती. दार बंद होतं. निकासिओने ते तुम्हाला काढायला उघडलं. तुम्हाला साखरेवर चढवलं ते मी. आणि दाराचं लिहून दिलं तेही मी.

कुणी ओरडलं नाही. ओरडतील याची मी बत्तीस वर्षं तयारी केली होती. नगराध्यक्ष खाली बघू लागले. एका बाईने आपल्या मुलाला मागे ओढलं, जणू माझ्या अंगाला काही लागलंय.

एदुविहिस उठली. सावकाश, गुडघ्यावर हात ठेवत. मला वाटलं ती थुंकेल. तिने माझ्या हातातला पेला घेतला. अर्धी कॉफी शिल्लक होती. ती तिने जमिनीवर ओतली, पेला झग्याच्या टोकाने पुसला आणि परत जाऊन बसली.

तेवढंच. मग लोक एकेक करून उठून गेले. मी पेटीवरून उतरलो. गुमेर्सिंदो आला, दंड धरून खाली बसवलं आणि परत कामाला गेला. आता हातोडी थांबत नाही.

मला अजून भीती वाटते, निकासिओ. पण आता ती एका जागी आहे, बसून बघता येते.

दुपारी एदुविहिसने शेडमधल्या एका लहान मुलीकरवी तुझा पत्ता मागवला. मी पुस्तिकेच्या एका कोऱ्या पानावर लिहून दिला. रूळ गुरुवारी सुरू होतील म्हणतात. गुरुवारच्या गाडीने ती तुझ्याकडे येते आहे, गुमेर्सिंदो तिला घेऊन. तिला ऐकू कमी येतं, उजव्या बाजूला बसव. गुमेर्सिंदोला त्याच्या बापाबद्दल सांग. तो गोदामात शेवटी काय म्हणाला, ते तू ऐकलं होतंस, मी नाही. दार उघडलंस तेव्हा तोच तुझ्या सगळ्यात जवळ होता.

मीही येऊ का, असं मी विचारलं. ती म्हणाली, “तू नको.”

एवेलिओ